मु. पो. रस्ता

आमच्याकडे पत्ता लिहिताना आधी 'मु. पो.' लिहितात. मुक्काम आणि पोस्ट. माणूस राहतो एका वाडीत आणि त्याचं टपाल येतं दुसऱ्याच गावाला, म्हणून हे दोन शब्द. पण मुक्काम हा मुळात वाटसरूचा शब्द. जो चालतो आहे तोच मुक्काम करतो. सात पिढ्या एकाच ओट्यावर बसलेल्या माणसाच्या पत्त्यातही आपण हा शब्द ठेवला आहे, ही गंमत इतकी वर्षं कधी लक्षात आली नव्हती. ती आली भाच्याच्या गाडीमुळे.

भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने बंद बॉडीची एक जुनी डिलिव्हरी व्हॅन विकत घेतली आणि नारायणगावला माझ्या अंगणात आणून लावली. "मामा, हिची कॅम्पर करायची. आपण दोघांनी." गाडीने आधीच्या जन्मी पाव-बिस्किटं वाहिली होती. मागचं दार उघडलं की गोडसर शिळा वास यायचा आणि मुंग्यांची एक रांग कुठूनशी निघून कुठेतरी जायची. शनिवार-रविवार धरून आठ महिने आम्ही तिच्यावर राबलो. गाडी तयार झाली, चांगली झाली. आणि मग कळलं की खरं अवघड काम अजून सुरूच झालेलं नाही. गाडीत घर करणं हे दोन माणसांचं काम आहे. त्या घराला रात्री थांबायला जागा करणं हे गावाचं काम आहे, आणि ते गावाने सोडून दिलं आहे. मला जे सांगायचं आहे ते एवढंच. पण ते सरळ पटत नाही, म्हणून जरा लांबून यावं लागेल.

आधी गाडीविषयी, कारण हौसेने विचारणारे बरेच असतात. पहिला महिना नुसता गंज काढण्यात गेला. आतला प्लाय उचकटला तर खालचा पत्रा चाळणीसारखा झालेला. गाड्यांच्या बाजारात लांबी भरून वरून रंग मारतात. त्याने गाडी विकाऊ होते, राहण्याजोगी होत नाही. ग्राइंडर, तारेचा ब्रश, कुजलेला तुकडा कापून नव्या पत्र्याची वेल्डिंग, मग रेडऑक्साइड. हायवेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या एका फॅब्रिकेटरने हे काम आमच्याकडून करून घेतलं असंच म्हटलं पाहिजे. आम्ही धरायला होतो.

मग उष्णतेचा प्रश्न. भाच्याने मोबाइलवर पाहिलेल्या सगळ्या चित्रफितींत लोक गाडीत डिझेलचा हीटर बसवत होते. ती माणसं जर्मनी-इंग्लंडातली, त्यांचा वैरी जानेवारी. आपला वैरी एप्रिल. नारायणगावात एप्रिलच्या दुपारी बंद पत्र्याच्या डब्यात हीटर लावला तर बिऱ्हाडासकट आपलीच चटणी होईल. आम्ही टपाला बाहेरून पांढरा रंग दिला, आतून नायट्रिल फोमचं जाड अस्तर चिकटवलं, टपावर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि समोरच्या बाजूला खाली जाळीची खिडकी कापली. गरम हवा वर जाते आणि तिला वरूनच वाट द्यावी लागते, हे गावातल्या कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. वारा खेळता ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. दोन माणसं रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासातून आणि अंगातून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत जातं. ते गार पत्र्यावर दव होऊन बसतं, अस्तरामागे झिरपतं, आणि महिनाभर घासून काढलेला गंज परत येतो.

विजेचं गणित आमच्या वायरमनला शेवटपर्यंत पटलं नाही. 600 वॅट म्हणजे त्याच्या लेखी घरचा मिक्सर, 230 व्होल्टला अडीच-पावणेतीन अँपिअर, त्याला कसली एवढी जाड वायर? पण 12 व्होल्टला तेच 600 वॅट म्हणजे 50 अँपिअर. बारीक वायर घातली तर ती तापते, आणि भोवती सगळा प्लाय आणि फोम. म्हणून जाड तांबं, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, दुसऱ्या टोकाला नाही. 100 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे 1,280 वॅट-तासांची शिदोरी. त्यात पंखा, दिवे, छोटा फ्रीज एक दिवस-रात्र सुखाने चालतात. इंडक्शनची शेगडी अर्धा तास पेटवली की निम्म्याहून जास्त शिदोरी संपते. टपावर सोलर पॅनल आहेत. मार्चमध्ये ते उदार असतात. जुलैत माळशेजच्या ढगांखाली त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नये.

(जाता जाता एक गोष्ट. खोडदला जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. आकाशातून येणारा अतिशय क्षीण रेडिओ-आवाज त्या ऐकतात, म्हणून आसपास कारखान्यांवर बंधनं आहेत. स्वस्तातला इन्व्हर्टर रेडिओ-लहरींत बराच गोंगाट करतो. त्या शिवारात मुक्कामाला गेलात तर तो बंद ठेवा. कोणी तपासायला येणार नाही, म्हणूनच सांगतो.)

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट खाली रस्त्याकडे उघडणारं भोक हवं. नवा प्लाय खराब होतो म्हणून भाचा ते मारायला तयार नव्हता. मीच ड्रिल घेतलं. या गाडीत माझ्या मालकीचं म्हणावं असं काही असेल तर ते भोक.

इथपर्यंत आम्ही दोघे स्वतःवर खूश होतो. आपण काहीतरी नवं करतो आहोत, अशी भाच्याची समजूत होती आणि मलाही तिचा संसर्ग झाला होता. ती समजूत मोडली आमच्या मागच्या आळीतल्या एका गृहस्थांनी. त्यांनी तमाशाच्या फडात पंचवीसेक वर्षं ट्रक चालवला. एका संध्याकाळी ते काठी टेकत आले, आत डोकावले, पलंग हलवून पाहिला. म्हणाले, "जड सामान खाली घेतलंय, बरं केलं. आमच्यात खाली पेट्या, पेट्यांवर कनाती, कनातींवर आम्ही." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "गाडी झाली झकास. पर लावणार कुठं?"

नारायणगावात राहून हा प्रश्न मला आधी सुचू नये, याची मला लाज वाटली. हे गाव तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीचे पंच येतात, राहुटीत बसून घासाघीस करतात, सुपारी ठरते. मग फड निघतात. मोठ्या फडात शंभरावर माणसं: कलावंत, वादक, वगातले राजे आणि शिपाई, तंबू ठोकणारे, आचारी, ड्रायव्हर. तंबू, स्टेज, जनरेटर, कपड्यांच्या पेट्या, चुलीची भांडी, सगळं ट्रकमध्ये. रात्री एका गावात खेळ, पहाटे तंबू उतरवायचा, ट्रकमध्ये झोपायचं, दुसऱ्या गावात उठायचं. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत कित्येकांचा पत्ता म्हणजे तो ट्रक. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्र थक्क होऊन सांगतो. थक्क जरूर व्हावं. पण तिचा दुसरा अर्थ असा की ज्या बाईला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तिला बाळंतपणासाठी चार भिंती आणि हंडाभर गरम पाणी असलेला मुक्काम मिळाला नव्हता.

आणि एकटे तमाशावालेच नाहीत. दिवाळीनंतर पूर्वेकडून धनगरांचे वाडे येतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, कधी एखादं लेकरू बांधलेलं, मागे मेंढरं. शेतकरी त्यांना वावरात बसवतो, खत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावलेली असते. माणसांभोवती तीही नसते. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही साखर कारखान्यांच्या हंगामात बीड-पाथर्डीकडची कोयत्याची माणसं येतात, बैलगाडीत संसार घालून, आणि उसाच्या फडाजवळ नाहीतर कारखान्याच्या तळावर कोप्या उभारतात. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात परराज्यांतले ट्रक रांगा लावतात. ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच दोन-दोन रात्री काढतात, स्टोव्ह पेटवतात, टायरच्या सावलीत भात शिजवतात. चालत्या गाडीत राहणं ही जुन्नर-आंबेगावात जर्मनीहून आलेली कल्पना नाही. ती इथली रीत आहे. आमच्या भाच्याने फक्त तिला सनमायका लावला.

मराठीत या रीतीसाठी म्हण आहे: विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ही म्हण आपण कोणाविषयी वापरतो ते पाहा. बदलीच्या नोकरीवाल्याविषयी, भाडेकरूविषयी, भटक्याविषयी. थोड्या दयेने, थोड्या तुच्छतेने. विंचू म्हटलं की डंख आलाच. पण तेच बिऱ्हाड पुण्याच्या इंजिनिअरने पाठीवर घेतलं की त्याला आपण स्वातंत्र्य म्हणतो आणि त्याच्या फोटोला हजार लोक दाद देतात. माझा आक्षेप इंजिनिअरवर नाही, तो माझा भाचाच आहे. आक्षेप असा की एकाच गोष्टीला आपण दोन नावं ठेवली आणि मग दोन्ही नावांच्या माणसांची सोय केली नाही. गरिबाची केली नाही कारण तो सवयीचा आहे, हौशी माणसाची केली नाही कारण तो पाहुणा आहे.

आमची पहिली फेरी सांगतो. तीन दिवस तालुक्यातच फिरायचं ठरवलं होतं. पहिल्या रात्री एका धरणाच्या काठावर गाडी लावली. साडेनऊला राखणदार आला, "इथं थांबायचं नाय." का? "सायबांचं आहे तसं." तिथून एका देवस्थानच्या वाहनतळावर गेलो. तिथे अकराला काही तरुण पोरं आली, गाडीत काय आहे म्हणून टॉर्च मारू लागली. शेवटी हायवेवरच्या एका ढाब्याच्या मागे जागा मिळाली, जेवण घेण्याच्या अटीवर. जेवण झालेलं होतं, पुन्हा जेवलो. रात्रभर ट्रक येत-जात राहिले. सकाळी संडासची सोय विचारली तर ढाबेवाल्याने हाताने मागचा ऊस दाखवला.

तो हात मी विसरलेलो नाही. जुन्नर वन विभागातला ऊस म्हणजे बिबट्याचं घर. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी कालव्यांनी आलं, ऊस वाढला, आणि बिबट्या डोंगर सोडून उसात राहायला आला. तिथेच पिल्लं होऊ लागली. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, आणि ते कधी रिकामं नसतं. अंधारात उसाच्या कडेला खाली बसलेलं माणूस उभ्या माणसापेक्षा बुटकं दिसतं, बिबट्याला ते आपल्या मापाचं सावज वाटू शकतं. गाडीत संडास हवा की नको यावर परदेशातली हौशी मंडळी वासाच्या आणि जागेच्या अंगाने वाद घालतात. इथे तो जिवाचा प्रश्न आहे. आणि आमच्याकडे निदान आतून कडी लागणारी गाडी होती. कोपीला दार नसतं. वाड्यावरच्या पोराला तर उघड्यावरच झोपायचं असतं.

त्या राखणदारावर मी तेव्हा चिडलो होतो. नंतर विचार केला तर त्याचं निम्मं बरोबर होतं. आदल्या आठवड्यात तिथे कोणी बाटल्या फोडून गेलं होतं, त्या काचा त्यानेच वेचल्या होत्या. शिवाय या मुलखात रात्री कुठे थांबू नये हे सांगणारा कोणी असणं गरजेचंच आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. ती तर पिढ्यान्पिढ्या तिथलीच होती. पावसाळ्यात धबधब्याखाली, डोंगराच्या कुशीत, फोटोसाठी गाडी लावून झोपणाऱ्या परक्याला तो उतार काय सांगणार? भीमाशंकरच्या अभयारण्यात रात्री मनाला येईल तिथे गाडी उभी करता येत नाही, तेही योग्यच. पण 'इथं नको' म्हणणारे शंभर जण आणि 'मग तिथं लावा' म्हणणारा एकही नाही, अशी स्थिती असेल तर नियम पाळायचा कसा? माणूस लपून थांबतो. लपून थांबलेला माणूस घाणही लपूनच करतो.

कायद्याचंही असंच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मनमानी बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून नेणं तर आधीपासूनच बेकायदा. माझे काही मित्र याला सरकारी आडमुठेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. टोमॅटोची पिकअप 20 किलोचं एक अशी पंचाहत्तर कॅरेटं घेऊन घाट चढते; त्यापुढे आमच्या पलंगाचं वजन काहीच नाही. पण कॅरेटं दोरीने आवळलेली असतात. पत्र्याला चार स्क्रूंनी धरलेला पलंग आणि त्यावर गप्पा मारत बसलेली माणसं एका ब्रेकमध्ये ड्रायव्हरच्या पाठीवर येतात. आम्ही मागे बसायची जागा केलीच नाही. पुढे दोघे, पट्टा लावून, आणि मागचं सगळं नटबोल्ट काढून दोन तासांत बाहेर येईल असं. कागदावर गाडी अजून मालवाहूच आहे आणि पलंग म्हणजे तिच्यातलं सामान. ही पळवाट आहे हे मला ठाऊक आहे. कोणी तिचं अनुकरण करावं असं मी म्हणणार नाही.

पळवाट शोधावी लागली कारण सरळ वाट एकट्या माणसासाठी आखलेलीच नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस 124 हे मानक आहे. ते कारखानदाराला नजरेसमोर ठेवून लिहिलेलं आहे: एक नमुना द्या, तपासून घ्या, तशा शंभर बनवा. अंगणात एकच गाडी बनवणाऱ्याने कोणाकडे जायचं? जर्मनीत असा माणूस आपली एक गाडी घेऊन अधिकृत तपासनिसाकडे जातो. युरोपच्या व्याख्येत चार गोष्टी मोजतात: बसायची जागा आणि टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय, सामानाचे कप्पे, आणि हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं. तपासनीस वजन पाहतो, गॅसजोड पाहतो, सही करतो, आणि मालवाहू गाडी कागदोपत्री राहती गाडी होते. आपल्याकडे तपासायला माणसं नाहीत असं नाही. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यातच आहे, आणि चाकण तर नाशिक रस्त्यावरचंच. ठरावीक फी घ्या, वर्षातून चार दिवस नेमा, एकेक गाडी तपासा, चुकीची असेल तर परत पाठवा. 'मुळीच नको' या उत्तराने बदल थांबत नाहीत, ते गॅरेजच्या मागच्या बाजूला होत राहतात. मग गॅसच्या कप्प्याला भोक आहे की नाही हे कोणीच पाहत नाही.

तरीही कायदा हा माझ्या मते दुय्यम मुद्दा. कागद उद्या सरळ झाले तरी फडाच्या ड्रायव्हरचा प्रश्न तसाच उभा राहील: लावणार कुठं?

या प्रश्नाचं उत्तर याच तालुक्यात दगडात कोरलेलं आहे. जुन्नरहून तीसेक किलोमीटरवर नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातून माल या घाटाने जुन्नरला चढायचा. घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे, त्यातल्या दानांच्या आकड्यांसाठी तो जगभर अभ्यासला जातो. माथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा असं लोक सांगतात. माणसं येतात, रांजणाचा फोटो काढतात, शिलालेखाच्या गुहेत गारव्याला बसतात आणि जातात. वाटेवरच्या पाण्याच्या टाक्यांकडे फार कोणी बघत नाही. मला त्या घाटातली सर्वांत मोठी गोष्ट त्या टाक्या वाटतात. लादलेले बैल आणि दमलेला माणूस चढून आला की त्याला पाणी आणि सावली मिळाली पाहिजे, हा रस्त्याचाच भाग मानलेला होता. रस्ता आधी आणि पाण्याचं मागाहून पाहू, असा हिशेब नव्हता.

जुन्नरभोवती दोनशेच्या आसपास लेणी आहेत, आणि त्यांतल्या लेखांत टाकीला शब्द आहे 'पोढी'. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दान दिल्याचा लेख आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दिल्या. विचार करा: आजच्या भाषेत, अडत्यांच्या असोसिएशनने सात खोल्या आणि पाण्याची टाकी बांधून दिली, आणि कुठूनसा आलेला एक परदेशी माणूस आणखी दोन टाक्या बांधून आपलं नाव कोरून गेला. ते लेणं भिक्षूंसाठी, पुण्यासाठी, हे खरं. पण भिक्षू म्हणजे तरी कोण? चालणारी माणसंच, पावसाळ्यात थांबायला जागा हवी म्हणून ही कोरलेली घरं. बाजार चालवणाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या मुक्कामाचा खर्च उचलला होता. आजचा नारायणगावचा, मंचरचा, ओतूरचा बाजार त्या श्रेणीपेक्षा कितीतरी मोठा आहे. परराज्यातून आलेल्या ड्रायव्हरसाठी त्याने कुठे काय कोरून ठेवलं?

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. 2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. 2021 मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यात पाणी, वीज, सांडपाणी यांची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण ती मांडताना डोळ्यांसमोर फक्त पर्यटक होता, हे शब्दाशब्दांतून दिसतं. कॅराव्हॅन हा शब्द फारसीतल्या कारवाँपासून निघाला, युरोप फिरून चाकं लावून परत आला. वाटेत त्यातला उंटवाला, लमाण, व्यापारी गळून पडला आणि सुट्टीवरचं कुटुंब तेवढं उरलं. मग पार्क बांधायचा तो रिसॉर्टच्या शेजारी, भिंत घालून, भाड्याने. अशा पार्कात भाच्याची गाडी शिरेल. तमाशाचा ट्रक शिरेल का?

माझं म्हणणं उलटं आहे. आधी त्यांच्यासाठी बांधा जे पूर्वीपासून रस्त्यावर राहत आले आहेत. मग हौशी माणसासाठी वेगळं काही बांधावं लागणार नाही. यात्रेचं मैदान प्रत्येक मोठ्या गावाला आहे, बाजार समितीचं आवार आहे, कारखान्याचा तळ आहे. तिथे मुरूम टाकलेली पक्की जागा, चार नळ, बायकांसाठी वेगळे आणि आतून कडी लागणारे संडास, एक सांडपाण्याचा खड्डा, एक दिवा. नोंदवही ठेवा, रात्रीचे पैसे घ्या. फुकट मागत नाही कोणी. रांजणात जकात टाकण्याची या वाटेची जुनी सवय आहे. गाडीत पलंग असणाऱ्याकडून दुप्पट घ्या, भाचा देईल. नाही दिले तर मी देईन.

यावर मला ठरावीक उत्तर मिळतं: सार्वजनिक संडास आपल्याकडे टिकत नाहीत, चार दिवसांत घाण होते. हे खरं आहे, मी पाहिलं आहे. पण आषाढात लाखो माणसं पंढरीच्या वाटेला लागतात, दिंड्यांचे ट्रक तंबू, भांडी आणि म्हातारी माणसं घेऊन पुढच्या मुक्कामाला जातात, आणि मुक्कामाच्या गावी टँकर, फिरते संडास, दवाखाना उभा असतो. ते सगळं नीटनेटकं असतं असं नाही, पण असतं. मुक्काम कसा मांडायचा हे महाराष्ट्राला येत नाही असं कोणी म्हणू नये. वारीत देव आहे म्हणून आपण करतो. वारीनंतर तोच ट्रक, तोच ड्रायव्हर कांदा घेऊन आला की त्याला ऊस दाखवतो.

दुसरा आक्षेप भाच्याच्याच एका मित्राने घेतला: एवढ्या कष्टाने बनवलेली गाडी तमाशाच्या ट्रकशेजारी, मेंढरांच्या वासात लावायची तर मग घरीच का झोपू नये? मी त्याला म्हटलं, मग घरीच झोप. ज्याला फक्त धरणाचं पाणी दिसणारी खिडकी हवी आहे त्याच्यासाठी रिसॉर्ट आहेतच, आणि त्यांचा चहाही चांगला असतो. गाडीतून फिरायचं ते मुलूख पाहायला. इथला मुलूख पाहायचा असेल तर पहाटे पाच वाजता तंबू उतरवणारी माणसं पाहण्यासारखी आहेत.

पुढच्या पाडव्याला राहुट्या लागतील तेव्हा भाचा गाडी घेऊन येणार आहे, आणि मागच्या आळीतले ते गृहस्थ आमच्याबरोबर एक रात्र झोपणार आहेत, 'बगू तरी' म्हणाले आहेत. जुन्नर-आंबेगावातल्या ज्या सरपंचांच्या, बाजार समितीच्या संचालकांच्या हाती हा लेख पडेल त्यांना विनंती एवढीच की त्याआधी आपापल्या यात्रेच्या मैदानावर निदान दोन नळ आणि चार संडास बांधून घ्यावेत. कोनशिला बसवायला हरकत नाही, इरिलनेही नाव कोरलंच होतं. फक्त नळाला तोटी प्लॅस्टिकची लावा. पितळी चोरीला जाते.